नळाने अर्धं वस्त्र का कापलं?

'तुला माझ्यापेक्षा चांगला कोणीतरी मिळेल.'

मित्रमैत्रिणींनो, हे वाक्य इंजिनिअरिंग कॉलेजात नवीन नाही. रिझल्टच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमागच्या कट्ट्यावर ते हमखास ऐकू येतं. कुणाला चार केट्या लागलेल्या असतात, कुणाचं इयर डाऊन झालेलं असतं, कुणाचं नाव कॅम्पसला आलेल्या तिसऱ्या कंपनीच्या यादीतही नसतं. बोलणाऱ्याला वाटतं, आपण केवढा मोठा त्याग करतोय! आणि ऐकणारी बिचारी विचार करत बसते, की पेपर याचा गेला, मग शिक्षा मला का? (मुलीही हे वाक्य बोलतात, फक्त शब्द वेगळे असतात: 'मी तुझ्या लायकीची नाही.') सिनेमात अशा वेळी पाऊस पडतो आणि गाणं लागतं. प्रत्यक्षात दोघांचेही पुढच्या सेमचे पेपर जातात.

या वाक्याच्या मागे नक्की काय असतं? स्वतःला कमी लेखणारा माणूस प्रेमात असा का वागतो? आणि समोरच्याने जीव ओवाळून टाकला की तो बरा होतो का? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या विदर्भाच्याच एका जोडीची गोष्ट पुरेशी आहे. ती जोडी म्हणजे नळ आणि दमयंती.

विदर्भाची लेक

आमचं गाव अनसिंग. वाशिमहून पुसदकडे जाताना लागतं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे शाळेत सिंड्रेला आणि रोमिओ-ज्युलिएट. नळ-दमयंती मात्र घरी, आजीच्या तोंडून. आजी दमयंतीला 'आपल्याकडची पोरगी' असंच म्हणायची, जणू काही ती नात्यातलीच कोणी! आणि त्यात खोटं काहीच नाही. दमयंती ही विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. (गदावाला भीम वेगळा.) राजधानी कुंडिनपूर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी जे कौंडण्यपूर आहे तेच हे, असं मानतात. रुक्मिणीचं माहेरही तेच. खरं म्हणजे जुन्या प्रेमकथांमध्ये विदर्भाचा कोटा जरा जास्तच आहे! दमयंती, रुक्मिणी, अगस्त्याची लोपामुद्रा, रघुवंशातली इंदुमती, सगळ्या इकडच्याच. इतकंच काय, राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही वत्सगुल्म नगरात, म्हणजे आपल्या वाशिमला.

नळ-दमयंतीची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात येते. ती कोण कोणाला सांगतं हे लक्षात घेण्यासारखं आहे. द्यूतात सगळं हरून वनात आलेला युधिष्ठिर बृहदश्व नावाच्या ऋषींना विचारतो, की माझ्याएवढा दुर्दैवी माणूस या पृथ्वीवर दुसरा कोणी आहे का? त्याला उत्तर म्हणून ऋषी ही गोष्ट सांगतात. म्हणजे ही गोष्टच मुळी स्वतःवरचा विश्वास उडालेल्या माणसासाठी आहे.

आपल्याला मात्र तिचा पहिला अर्धाच भाग माहीत असतो. सोनेरी हंस, त्याने केलेलं नळाचं वर्णन, मग स्वयंवर. रघुनाथ पंडितांचं मराठीतलं प्रसिद्ध आख्यान स्वयंवराचंच आहे. राजा रविवर्म्याने १८९९ साली काढलेलं हंस-दमयंतीचं चित्र कॅलेंडरांवरून घरोघरी पोचलं, त्यातही हंसच आहे. पण खरी गोष्ट हंस उडून गेल्यावर सुरू होते.

घाम येणारा नवरा

स्वयंवरातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. दमयंतीशी लग्न करायला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव आले होते. तिचं मन नळावर आहे हे कळल्यावर चौघांनीही नळाचंच रूप घेतलं. मंडपात पाच नळ! दमयंती गोंधळली. मग तिने देवांनाच विनवणी केली, की मी मनाने नळाला वरलंय हे जर खरं असेल तर तुमच्या खुणा दाखवा. देवांनी खुणा दाखवल्या. देवांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. पाचवा मात्र घामेजलेला, धुळीने माखलेला, सावली पडलेला, गळ्यात कोमेजलेली माळ असलेला. तिने त्याच्या गळ्यात वरमाला घातली.

म्हणजे बघा, समोर चार ऑप्शन शंभर टक्के परफेक्ट होते. तिने जाणूनबुजून माणूस निवडला. त्याच्या घामासकट आणि सावलीसकट. ही गोष्ट नळ पुढे विसरला, आणि सगळं रामायण (म्हणजे महाभारत!) तिथून घडलं.

'तेव्हा ऐटीत आलो, आता असा कसा येऊ?'

बारा वर्षं संसार सुखाचा झाला. इंद्रसेन आणि इंद्रसेना ही दोन मुलं झाली. मग नळ भावाशी, पुष्कराशी, फासे खेळायला बसला. महिनोन्‌महिने खेळत राहिला आणि हरत राहिला. दमयंतीने समजावलं, मंत्री दारात येऊन उभे राहिले, याने कोणाकडे बघितलंही नाही. शेवटी दमयंतीने वार्ष्णेय नावाच्या सारथ्याबरोबर मुलांना माहेरी, कुंडिनपूरला पाठवून दिलं. राज्य गेलं तेव्हा पुष्कर हसत म्हणाला, की आता दमयंतीला पणाला लाव. नळाने ते मात्र केलं नाही. (युधिष्ठिराने काय केलं होतं ते आपल्याला माहीत आहे. गोष्ट ऐकताना त्याला काय वाटलं असेल?) एका वस्त्रानिशी नळ बाहेर पडला. दमयंतीही एका वस्त्रानिशी त्याच्यामागे निघाली.

तीन रात्री दोघं नगराबाहेर नुसत्या पाण्यावर राहिली. मग भुकेपोटी नळाने सोनेरी पंखांच्या पक्ष्यांवर आपलं वस्त्र टाकलं, तर पक्षी तेही घेऊन उडाले. आता दोघांत मिळून एकच वस्त्र उरलं.

इथे नळ एक विचित्र गोष्ट करतो. तो बायकोला रस्ते दाखवायला लागतो. हा रस्ता दक्षिणेकडे जातो, तो विंध्य, ही पयोष्णी नदी, हा रस्ता विदर्भाला जातो, हा कोसलाला. पुन्हा पुन्हा तेच. दमयंती हुशार होती, तिच्या लगेच लक्षात आलं. ती म्हणाली, तुम्ही मला सारखा माझ्या माहेरचा रस्ता का दाखवताय? माझ्या घरी जायचंच असेल तर दोघं मिळून जाऊ. माझे वडील तुम्हाला मानाने ठेवतील.

नळ नाही म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की तिथे मी ऐटीत गेलो होतो, तेव्हा तुझी मान उंच झाली. आता या अवस्थेत कोणत्या तोंडाने जाऊ?

माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली या उत्तरात आहे. सासरा काय म्हणेल हे सासऱ्याला कोणी विचारलेलंच नव्हतं. बायको तर समोर उभी राहून सांगत होती, की चला. तरी नळाच्या डोक्यात हिशेब ठरलेला: मी राजा होतो म्हणून माझी किंमत होती, राज्य गेलं, आता माझी किंमत शून्य.

त्याच रात्री जंगलातल्या एका धर्मशाळेत दमयंती थकून झोपली. नळ जागाच होता. त्याने विचार केला, की माझ्याबरोबर राहिली तर हिला दुःखच आहे. मी गेलो तर ही कधीतरी माहेरी पोचेल, सुखी होईल. तिथे त्याला एक तलवार सापडली. त्याने दोघांच्या अंगावरचं वस्त्र मधोमध कापलं आणि निघाला. परत आला, तिच्याकडे बघून रडला, पुन्हा निघाला, पुन्हा आला. महाभारतकार त्याच्या मनाला झोक्याची उपमा देतात. शेवटी तो गेलाच.

'तुला माझ्यापेक्षा चांगलं आयुष्य मिळेल.' वाक्य तेच. फक्त नळाने ते तोंडावर बोलायचंही धाडस केलं नाही.

असं का होतं?

आपण मराठीत याला न्यूनगंड म्हणतो. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली आत्मसन्मान मोजायची दहा विधानांची एक पट्टी तयार केली, ती आजही वापरतात. विधानं साधी आहेत: माझ्यात काही चांगले गुण आहेत का, अभिमान वाटावा असं माझ्याकडे काही आहे का, अशी.

पण आपल्या विषयाला जास्त जवळचं काम सँड्रा मरे आणि जॉन होम्स या मानसशास्त्रज्ञांचं आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ आणि २००० साली प्रेमात असलेल्या आणि लग्न झालेल्या जोड्यांवर अभ्यास प्रसिद्ध केले. त्यातून दिसलं ते थोडक्यात असं: ज्यांना स्वतःबद्दल कमी वाटतं, ती माणसं 'जोडीदार मला कसा बघतो' याचाही अंदाज कमीच बांधतात. जोडीदाराचं प्रत्यक्ष मत कितीतरी चांगलं असतं, पण यांना ते खरं वाटत नाही. आणि मग आपटी खाण्याआधीच ही माणसं स्वतःहून लांब व्हायला लागतात. दुखण्याआधीच दूर होणं. आपल्या भाषेत सांगायचं तर सेन्सरचं कॅलिब्रेशन चुकलेलं आहे; इनपुट व्यवस्थित येतंय, पण रीडिंग प्रत्येक वेळी कमी दाखवतंय. अशा वेळी इनपुट दुप्पट करून काय उपयोग? दमयंतीने आणखी दहा वेळा 'चला माझ्या घरी' म्हटलं असतं तरी नळाने मान खालीच घातली असती.

महाभारतात याला वेगळं नाव आहे: कली. स्वयंवराला उशिरा पोचलेला कली रागावून नळाच्या अंगात शिरायची संधी बघत बारा वर्षं थांबला. एके दिवशी पाय न धुता नळ संध्येला बसला आणि कली आत शिरला. आपल्याकडे आजही 'त्यांच्या घरात कली शिरला' म्हणतात. मला ही कल्पना आवडते, पण पूर्ण नाही. आवडते अशासाठी, की माणूस वेगळा आणि त्याला लागलेला आजार वेगळा, असा भेद ती करते. आवडत नाही अशासाठी, की मग 'मी नाही केलं, कलीने केलं' म्हणायची सोय होते. (नळ पुढे हेच म्हणतो, बघालच!)

दमयंती वाट बघत बसली नाही

आता दमयंतीकडे येऊ. तिचं नाव घेतलं की लगेच पतिव्रता, सहनशील, सोशिक असे शब्द येतात. पण मूळ गोष्ट नीट वाचली तर ही बाई भलतीच कर्तबगार निघते.

जागी झाल्यावर ती रडली, ओरडली, जंगलभर शोधत फिरली. अजगराच्या तावडीत सापडली, ज्या शिकाऱ्याने सोडवलं तोच अंगावर आला, त्याला तिने शापाने भस्म केलं. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर निघाली तर रात्री रानटी हत्तींनी तांडा तुडवला, आणि वाचलेले लोक म्हणाले, या बाईचाच पायगुण! शेवटी ती चेदी देशाच्या राजमातेकडे सैरंध्री म्हणून राहिली. तेही स्वतःच्या अटींवर: मी कोणाचं उष्टं खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. अंगावर अर्धं वस्त्र, खिशात काही नाही, आणि तरीही अटी! नळाकडे राज्य नव्हतं म्हणून तो स्वतःला शून्य समजत होता. राज्य दमयंतीचंही गेलं होतं.

माहेरी पोचल्यावर ती थेट कामाला लागली. वडिलांकडून चहूकडे ब्राह्मण पाठवले आणि त्यांना एक निरोप पाठ करायला लावला. प्रत्येक सभेत, प्रत्येक गावात हाच निरोप मोठ्याने म्हणायचा. त्याचा मतलब असा: अरे जुगाऱ्या, जंगलात झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र कापून कुठे गेलास? बायकोचं पालनपोषण आणि रक्षण ही नवऱ्याची कर्तव्यं, ती तू का सोडलीस? जो कोणी याला उत्तर देईल त्याची पूर्ण माहिती काढून आणा.

निरोपाची भाषा बघा. 'नाथा, मी तुमच्या चरणांची दासी' वगैरे काही नाही. सरळ सवाल आहे, तोही भरसभेत. निष्ठा पूर्ण आहे, पण जाब विचारायचं ती विसरलेली नाही.

बाहुक आणि बेहड्याचं झाड

नळ या काळात काय करत होता? वणव्यात सापडलेल्या कर्कोटक नागाला त्याने वाचवलं. नागाने त्याला दंश केला आणि त्याचं रूप पालटलं. तो कुरूप झाला. कर्कोटक म्हणाला, हे तुझ्या भल्यासाठीच आहे, कोणी ओळखणार नाही, आणि माझ्या विषाचा त्रास आतल्या कलीला होईल. मूळ रूप परत यावं म्हणून दोन वस्त्रंही दिली. मग नळ 'बाहुक' हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोड्यांच्या पागेत नोकरीला लागला. पगार दहा हजार, पॅकेज वाईट नव्हतं!

पण रोज संध्याकाळी हा बाहुक एकच गोष्ट गुणगुणायचा, की ती बिचारी भुकेली, थकलेली, त्या मूर्खाची आठवण काढत कुठे पडली असेल? सोबतच्या जीवलाने विचारलं, कोणाबद्दल बोलतोस? तर म्हणाला, होता कोणी एक मंदबुद्धीचा माणूस. स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणायचीही त्याला लाज वाटत होती.

दमयंतीच्या पर्णाद नावाच्या दूताला निरोपाचं उत्तर देणारा हा एकटाच भेटला. दमयंतीने ओळखलं. मग वडिलांना न सांगता, फक्त आईला विश्वासात घेऊन, तिने ऋतुपर्णाकडे सांगावा धाडला, की उद्या सूर्योदयाला दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे. शंभराहून जास्त योजनांचं अंतर एका दिवसात कापू शकेल असा सारथी जगात एकच होता. म्हणजे तिने अशी परीक्षा लावली, की ती फक्त नळच पास होऊ शकेल, आणि तीही त्याला उत्तम येत असलेल्या विषयात!

आणि आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग, जो प्रत्येक इंजिनिअरने वाचायला हवा. रथ भरधाव निघालाय. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. (हिरडा, बेहडा, आवळा या त्रिफळ्यातला बेहडा. पूर्वी याच्याच फळांचे फासे करत.) ऋतुपर्ण सहज म्हणतो, की या झाडाच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. बाहुक रथ थांबवतो. म्हणतो, मी मोजून बघणार! राजा म्हणतो, अरे उशीर होतोय. बाहुक ऐकत नाही. तो झाड तोडून मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. हे कसं जमलं, असं विचारल्यावर राजा सांगतो, मला अक्षहृदय येतं, म्हणजे फाशांची आणि मोजणीची विद्या. मग दोघं सौदा करतात: तू मला अश्वविद्या दे, मी तुला अक्षविद्या देतो. आजच्या भाषेत टेक्नॉलॉजी ट्रान्सफर! इयान हॅकिंग या तत्त्वज्ञाने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात संभाव्यतेच्या इतिहासाची चर्चा करताना या प्रसंगाची खास दखल घेतली आहे. कारण यात फाशांचा खेळ आणि नमुन्यावरून अंदाज बांधणं या दोन गोष्टींचा संबंध जोडलेला दिसतो.

अक्षविद्या मिळाली, आणि त्याच क्षणी कली नळाच्या अंगातून कर्कोटकाचं विष ओकत बाहेर पडला.

कली नेमका कधी निघाला, हे लक्षात घ्या. दमयंतीच्या अश्रूंनी तो निघाला नाही, तिच्या प्रेमाच्या आठवणीनेही नाही. ज्या विषयात नळ सपशेल नापास झाला होता तोच विषय तो पुन्हा शिकला, तेव्हा निघाला. आणि शिकता आला कशामुळे? दुसऱ्या एका विषयात तो आधीपासून तज्ज्ञ होता, आणि त्या बळावर राजासमोर बरोबरीने उभा राहून सौदा करू शकला म्हणून. मग दमयंतीच्या निष्ठेने काय केलं? तिने त्याला त्या रथावर बसवलं. तेवढंच तिच्या हातात होतं, आणि ते तिने चोख केलं.

कुंडिनपुरात पोचल्यावरही ती लगेच धावत गेली नाही. दासी केशिनीला पाठवून त्याच्यावर नजर ठेवली, त्याने शिजवलेलं अन्न चाखून बघितलं ('नळपाक' हा शब्द त्याच्या हातच्या चवीवरूनच आला), मुलांना त्याच्यापुढे नेलं. मुलांना पोटाशी धरून तो रडला. मग तिने त्याला समोर बोलावून विचारलं, की झोपलेल्या निरपराध बायकोला जंगलात टाकून जाणारा कोणी धर्म जाणणारा पुरुष तू पाहिलास का? माझा अपराध काय होता?

नळ म्हणाला, ते कलीने केलं. (सांगितलं होतं ना!) आणि वर तिलाच विचारलं, की तू दुसरं स्वयंवर कसं काय मांडलंस? तिने शांतपणे सगळा डाव उलगडून सांगितला. तेव्हा कुठे त्याने कर्कोटकाची वस्त्रं अंगावर घेतली आणि स्वतःच्या रूपात आला. ताटातुटीचं ते चौथं वर्ष होतं. पुढे त्याने पुष्कराला एकाच डावात हरवलं आणि माफ करून त्याचा वाटा परत दिला. ज्याला स्वतःची किंमत कळते त्याला सूड लागत नाही.

सिंधूचं काय चुकलं?

हीच जखम आणि हीच निष्ठा असलेली दुसरी जोडी आपल्या रंगभूमीवर आहे: 'एकच प्याला'मधले सुधाकर आणि सिंधू. राम गणेश गडकरी हे नाटक लिहून २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्याच विदर्भात, सावनेरला वारले. महिनाभराने, २० फेब्रुवारीला, बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले होते.

सुधाकर हा हुशार, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, काही काळ सनद जाते, आणि ती बोच विसरायला तळीराम त्याला पहिला प्याला देतो. पुढे सगळं बुडतं. सिंधू दळण दळते, उपाशी राहते, माहेरचा पैसा नाकारते, सगळं सोसते. शेवटी मूल जातं, सिंधू जाते, सुधाकर विष घेतो. मरता मरताही ती नवऱ्यावर आळ येऊ देत नाही.

शंभर वर्षं प्रेक्षक सिंधूसाठी रडले आणि रडणं साहजिकच आहे. पण दोघींना शेजारी शेजारी ठेवा. निष्ठा दोघींचीही सारखीच. दमयंती जाब विचारते, सिंधू विचारत नाही. दमयंतीला आईवडील, दूत, मैत्रिणी यांची मदत घ्यायला कमीपणा वाटत नाही. सिंधू मदत परतवून लावते. आणि मोठा फरक नवऱ्यांमध्ये आहे. नळ पागेत काम करतो, नवीन विद्या शिकतो. सुधाकर पश्चात्ताप करतो, पण तो प्याल्याजवळच परत येतो. सिंधू चुकली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९१९ सालच्या बाईला किती दारं उघडी होती? पण आज तिच्या मार्गाने जाणाऱ्या मैत्रिणीला 'वा, काय प्रेम आहे!' म्हणून टाळ्या वाजवणं हे मात्र नक्की चूक आहे.

मग आपल्यासाठी काय?

पहिलं म्हणजे, नळ फक्त प्रेमातच असतो असं नाही. आपल्या वर्गातही आहेत. आमच्या अनसिंगहून, रिसोडहून, मानोऱ्याहून मराठी मीडियममधून आलेली किती मुलं व्हायव्हाला उत्तर येत असूनही इंग्लिशच्या धाकाने गप्प बसतात! बाहुकाच्या वेषात नळच असतो तो. घोडे त्याला तुमच्याआमच्यापेक्षा चांगले हाकता येतात. त्याला कुणीतरी रथावर बसवायला हवं, एवढंच.

दुसरं, 'तुझ्या भल्यासाठी तुला सोडतोय' असं मनात आलं, तर तिचं भलं कशात आहे हे एकदा तिलाच विचारा. नातं तोडायचा हक्क दोघांनाही आहे, पण कारण खरं सांगा. रात्री वस्त्र कापून पळू नका.

तिसरं, समोरचा स्वतःला शून्य समजत असेल तर तुमचं प्रेम त्याचा आकडा बदलू शकत नाही. सोबत राहा, पण प्रश्न विचारत राहा, आणि एकट्याने ओढू नका. घरचे आहेत, मित्र आहेत, सर-मॅडम आहेत. मन फारच खचलं असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. आणि जिथे मारहाण आहे, व्यसन आहे, तिथे बाहेर पडणं म्हणजे निष्ठा सोडणं नव्हे.

शेवटी केटीवाल्यांसाठी. नळ ज्या विषयात नापास झाला, त्याच विषयात पुन्हा बसला आणि एका डावात पास झाला. मधली चार वर्षं वाया गेली असं व्यासांनी कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून माळ कोमेजली, घाम आला, सावली पडली, तर लाजू नका. दमयंतीने नळाला ओळखलं ते याच खुणांवरून!